नऊ नंबरचा मणी

आईनं पत्रिका हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली, आणि सुपातल्या तुरीच्या शेंगांवर ठेवून दिली.

"मी नाई येत."

नंदिनी अजून चपला काढत होती. शनिवार होता. वडझरीच्या टेकडीवरचं नवं अभ्यागत केंद्र आणि वस्तुसंग्रहालय दोन वर्षांपासून उघडं होतं, पण त्याचं रीतसर उद्घाटन आता मंगळवारी सकाळी अकराला होतं. पत्रिकेच्या तिसऱ्या पानावर, मान्यवरांच्या नावांखाली, एक ओळ होती : 'उत्खननातील ज्येष्ठ कामगार श्रीमती कमला श्रावण नगराळे यांचा सत्कार.' ही ओळ छापली जावी म्हणून नंदिनीनं वर्ध्याच्या कार्यालयात सात वेळा फोन केला होता.

"काऊन नाई येत? डोळा दुखून राह्यला का?"

"डोळा मस्त हाय. सेवाग्रामच्या डाक्टरनं आपरेशन करून असा केला का सुईत दोरा ओवून घेजो."

"मंग?"

"शाल हाय माह्याजवळ. दुसरी कायले पाह्यजे?"

"शालीचं नाई न आई. मणी तू काढला. साऱ्या गावाले माहीत हाय."

आईनं एक शेंग सोलली. दाणे सुपात पडले. दुसरी घेतली, तीही सोलली. मग सूप तसंच ठेवून ती उठली आणि चुलीकडे गेली. चुलीवर काहीच नव्हतं.

वडझरी हे समुद्रपूर तालुक्यातलं, गिरडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन किलोमीटर आत असलेलं गाव. गावामागच्या टेकडीच्या उतारावर काळ्या दगडांची एकतीस वर्तुळं आहेत. जुने लोक म्हणायचे, गवळ्यांनी म्हशी कोंडण्यासाठी ते दगड मांडले. १९८४च्या हिवाळ्यात नागपूरहून डॉ. केशव देवपुजारी तंबू घेऊन आले, त्यांनी चार वर्तुळं खोदली, आणि ती थडगी निघाली, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची. तीन नंबरच्या वर्तुळात पुष्कळ वस्तू मिळाल्या. नऊ नंबरात दोनच. एक लाल अकीकाचा मणी, त्यावर पांढऱ्या रेघा. आणि अकरा दिवसांनी, दीड हात आणखी खाली, एक लोखंडी कुऱ्हाड. हाडांचा मातीत पार चुरा झाला होता, त्यांच्यावरून काही सांगता येण्यासारखं नव्हतं. देवपुजारींनी मण्यावरून लिहिलं की हे थडगं बाईचं असावं, मानाच्या बाईचं, कुऱ्हाड बाळगणाऱ्या बाईचं. वर्तमानपत्रांनी त्यातलं 'असावं' काढून टाकलं आणि 'कुऱ्हाडवाली राणी' असा मथळा दिला.

तेव्हापासून वडझरीला राणी आहे. फाट्यावरच्या थांब्याला राणीटेकडी म्हणतात. बचत गटाचं नाव राणी. शाळेत दर सव्वीस जानेवारीला राणीचं नाटुकलं होतं. पाचवीत असताना नंदिनी त्यात राणी झाली होती. पुठ्ठ्याची कुऱ्हाड, चांदीचा कागद, कपाळाला पट्टी. त्या कुऱ्हाडीमागोमाग ती नागपूरला गेली, प्राचीन इतिहासात एम.ए. झाली, आणि चौतिसाव्या वर्षी त्याच टेकडीवर माहिती सहायक म्हणून परत आली. अकरा महिन्यांचा करार. हा दुसरा, एकतीस डिसेंबरला संपत होता.

आई मात्र राणीचं नाव कधी घेत नसे. शाळेतलं नाटुकलं पाहायलाही ती आली नव्हती. त्या दिवशी निंदणाला जायचं आहे म्हणाली होती. जानेवारीत कसलं निंदण, हे नंदिनीला इतक्या वर्षांनी, या शनिवारी, पहिल्यांदा सुचलं.

रविवारी सकाळी आठलाच ती केंद्रावर पोचली. कामं भरपूर होती आणि एकाही कामात लक्ष लागत नव्हतं. दर्शनी दालनात फायबरची राणी उभी होती, सहा फुटी, गळ्यात लाल मण्यांची माळ. नऊ नंबरातून एकच मणी निघाला होता. माळ घडवताना शिल्पकारानं आपल्या मनानं बावीस वाढवले होते. नंदिनीनं तिच्या खांद्यावरची धूळ पुसली, फलकावरचा मजकूर पुन्हा वाचला, बाहेर जाऊन पाण्याची टाकी पाहिली, आत आली, आणि पुन्हा फलकासमोर उभी राहिली. मजकूर तिनंच लिहिला होता. त्यात 'असावी' हा शब्द तिनं परत घातला होता. वर्ध्याहून तो पुन्हा खोडून आला होता.

"मॅडम, एका जागी बसा ना," चौकीदार बंडूजी म्हणाले. ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "तुमाले पाहू पाहू मलेच घाम सुटून राह्यला. उद्घाटन तुमचं नाई, मंत्र्याचं हाय."

"बंडूजी, माही आई कधी तुम्हाले मण्याबद्दल बोलली का?"

"कमलावैनी? त्या माह्यासंगं बोलतेच कुठं! मागच्या साली म्हटलं, वैनी, चला, फोटो दाखवतो तुमचा, किती मोठा लावला भितीवर. तं म्हणते, फोटो पाहाले डोळे पाह्यजे." बंडूजी हसले. "आता डोळे नीट झाले. आता पाहा काय म्हणते ते."

साडेबारा वाजता आई आली. पायी. डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा, डोक्यावर पदर, घामानं कपाळ ओलं. बंडूजी उठून उभे राहिले, "या वैनी, या," म्हणाले. आईनं मान हलवली आणि सरळ आत गेली, आपल्याच घरात काही शोधायला आल्यासारखी.

आधी ती भिंतीवरच्या फोटोपुढे थांबली. खड्ड्यात उकिडव्या बसलेल्या पाच बाया, हातात खुरप्या आणि कुंचे. काठावर चाळणी, चाळणीमागे अठरा वर्षांची कमला. फोटोखाली लिहिलं होतं : 'वर्तुळ क्र. ९ येथे काम करणाऱ्या महिला.'

"ही सुलोचना," आई बोट न लावता म्हणाली. "माही जाऊ. तुले आठवत नसन, तू दोन वर्साची होती ते गेली तवा. ही सीताबाई. ही चंद्रभागा, अन् हे तिची सून, गोदा. अन् हे..." ती थांबली. "थांब. येते नाव."

नाव आलं नाही. ती पुढच्या काचपेटीकडे गेली. नऊ नंबर. निळ्या मखमलीवर एकटा मणी, वरून दिव्याचा झोत. आईनं काळा चष्मा काढला, वाकली, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"नंदे, हा इथला नोहे."

"म्हंजे?"

"तीन नंबरचा हाय हा. म्या आणून टाकला."

नंदिनीनं आधी दाराकडे पाहिलं. बंडूजी बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलवाल्याशी बोलत होते.

आईनं जे सांगितलं ते उभ्या उभ्याच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. त्या साली खोदायला माणसं आणि माती वाहायला बाया, अशी वाटणी होती. बायांच्या हाती घमेलं. तीन नंबरात माल निघायला लागला तशी सायबानं सारी माणसं तिकडे लावली, आणि नऊ नंबर रिकामा पडला तेव्हा तिथं बायांना खाली उतरवलं. हातात खुरपी दिली, कुंचा दिला, माती कशी पापडासारखी उलगडायची ते स्वतः बसून शिकवलं. तीन आठवडे त्या पाचजणी खड्ड्यात बसून काम करत होत्या. काहीच निघालं नाही. एका शुक्रवारी सायेब म्हणाले, उद्यापर्यंत पाहू, नाहीतर नऊ नंबर बंद.

"बंद म्हंजे परत घमेलं," आई म्हणाली. "सुलोचना रडली, सांगतो तुले. नवरा मेला तवा नाई रडली तेवढी रडली. म्हणे, आता कुठं मले माती समजाले लागली होती."

चाळणी एकच होती. तीन नंबरची माती यायची, ती चाळून झाली की नऊ नंबरची. प्रत्येक ढिगावर खड्ड्याच्या नंबराची चिठ्ठी खोचलेली. चाळणीत काही दिसलं की चाळणीवालीनं हात वर करायचा. सायबाचा माणूस यायचा, चिठ्ठी पाहायचा आणि वहीत लिहायचा. चिठ्ठीवर जो नंबर असेल तो त्या वस्तूचा नंबर. दुसरा पुरावा नव्हता. आठवड्यापूर्वी तीन नंबरच्या मातीत कुदळीच्या घावानं फुटलेला एक मणी आला होता. मणी वेगळा, त्याचा टवका वेगळा.

"टवका दाखवला. मणी पदरात बांधला. तवा वाटलं, आपल्यापाशी असू द्यावं काही. लाल होता, सुंदर होता." आईनं काचेवर पडलेली आपल्या श्वासाची वाफ पदरानं पुसली. "अन् शनिवारी नऊ नंबरच्या मातीत टाकला, अन् हात वर केला."

"आई, चाळीस वर्सं झाली. तुले नीट आठवते का?"

"फोटोतल्या बाईचं नाव नाई आठवून राह्यलं, ते खरं. हे आठवते."

नंदिनी तीन नंबरच्या पेटीकडे गेली. बारा मणी, दोन तांब्याच्या बांगड्या, एक सुरी. कोपऱ्यात, हरभऱ्याच्या डाळीएवढा, लाल दगडाचा तुकडा. पट्टीवर लिहिलं होतं : 'मण्याचा टवका.' ही पट्टीसुद्धा तिनंच लिहिली होती. दोन्ही पेट्यांमध्ये सात पावलांचं अंतर होतं.

"म्हणून मी शाल घेत नाई," आई मागून म्हणाली. "आता सांगतलं तुले. तू शिकली हायस, तू पाह्य काय कराचं ते. मी जातो, तूर तशीच पडली हाय."

ती खरंच गेली.

त्या दुपारी नंदिनीनं कार्यक्रमपत्रिकेच्या शंभर प्रती मोजल्या. एकदा अठ्ठ्याण्णव भरल्या, एकदा एकशे दोन. वर्ध्याहून साकेतचा फोन आला. साकेत हा केंद्राचा अभिरक्षक, वय एकोणतीस. कराराचा कागद त्याच्याच टेबलावरून पुढे जायचा.

"मॅडम, मंत्र्यांना फार वेळ नाही. तुम्ही फक्त राणीचा मणी दाखवायचा, चार मिनिटं. छान बोलता तुम्ही. आणि तुमच्या नूतनीकरणाचं मी टाकलंय पुढे, काळजी करू नका."

"साकेत सर, नऊ नंबरच्या नोंदीत जर चूक असेल तर?"

"स्पेलिंगची?"

"नाही."

"मग बुधवारी बघू," साकेत म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

बुधवारी. नंदिनीला ते बुधवार ठाऊक होते. 'असावी' हा शब्द अजून असल्याच एका बुधवारची वाट पाहत होता. तरी, काय बिघडलं असतं? मणी खरा. वर्तुळ खरं. कुऱ्हाड खरी. एक मणी सात पावलं इकडचा तिकडे झाला, आणि त्याच्या जोरावर एका गावच्या पोरी चाळीस वर्षं हातात पुठ्ठ्याची कुऱ्हाड घेऊन ताठ उभ्या राहत होत्या. ती स्वतः उभी राहिली होती. मणी काढून घेतला तर तिथं उरत होती फक्त एक कुऱ्हाड, आणि कुऱ्हाड म्हटली की सगळे 'सरदाराचं थडगं' म्हणणार, कुणी विचारणारही नाही. आणि आईचं नाव? कमला नगराळेनं मणी चोरला, असंच म्हणणार गाव. अमक्या वस्तीतल्या बाईनं चोरला, असंही म्हणणार काही जण, जरा आवाज खाली करून.

त्याच वेळी तिला हेही दिसत होतं की मंगळवारी अकरा वाजता तिला त्या पेटीपुढे उभं राहून तोंड उघडायचं आहे.

सोमवारी देवपुजारी सर एक दिवस आधीच आले. नागपूरहून भाड्याच्या गाडीनं, सोबत काठी, थर्मास आणि एक कापडी पिशवी. वय एकोणऐंशी. गाडीतून उतरल्यावर त्यांनी आधी टेकडीकडे पाहिलं, मग इमारतीकडे.

"इमारत वर्तुळांपेक्षा मोठी झाली," ते म्हणाले. "चला, दाखवा."

नंदिनी त्यांच्यासोबत चालली. ते प्रत्येक पेटीपाशी थांबत, पट्टी वाचत, "बरोबर," म्हणत, पुढे सरकत. फायबरच्या राणीपुढे ते थबकले. "ही फारच धष्टपुष्ट आहे. पण पोरींना आवडत असेल."

"आवडते, सर."

"तुम्हाला?"

"मी पाचवीत राणी झाले होते."

म्हातारा हसला. आता बोललं नाही तर पुन्हा बोलणं होणार नाही, एवढंच तिला कळलं, आणि ती भलत्याच ठिकाणाहून सुरुवात करून बसली.

"सर, तीन नंबरातला तो टवका. त्याचा मणी तुम्ही शोधला होता का?"

देवपुजारी वळले. "दोन दिवस. तुटलेली बाजू ताजी होती, म्हणजे मणी त्याच मातीत असायला हवा. तीन वेळा चाळून घेतली माती. का?"

"तो आपण नऊ नंबरच्या मण्याला लावून पाहू या का?"

"दोन्ही वेगळ्या पेट्यांतून गेले होते," ते मग हळूहळू म्हणाले, जणू कुणी जाब विचारला होता. "तीन नंबर आमच्या गोदामात. नऊचा मणी मुंबईला, फोटोसाठी, मग प्रदर्शनात. इथं येईपर्यंत एका खोलीत ते कधीच नव्हते. लावून पाहायचं कारणच काय होतं?"

"बंडूजी," नंदिनीनं हाक मारली. "किल्ल्या आणा."

बंडूजी किल्ल्यांसोबत वहीही घेऊन आले. पेटी उघडायची तर वहीत तारीख, वेळ, कुणाच्या समोर आणि कारण, असे चार रकाने भरावे लागत. सही झाल्याशिवाय ते कुलपाला हात लावत नसत, मंत्री आला तरी. तीन रकाने भरले. चौथ्यावर नंदिनीचं पेन थांबलं.

"लिहा ना, साफसफाई," बंडूजींनी मदत केली. "सारे तेच लिहिते."

नंदिनीनं लिहिलं : 'मणी वर्तुळ ३ मधील आहे काय, हे तपासण्यासाठी.' बंडूजींनी ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कुलूप काढलं.

देवपुजारींनी पिशवीतून भिंग काढलं. टवका चिमट्यात धरून मण्याच्या टोकाशी आणला. पहिल्यांदा टवका निसटला. दुसऱ्यांदा बसला. पांढरी रेघ मण्यावरून टवक्यावर सरळ गेली, कुठंही न तुटता.

बाहेर मांडववाले एकमेकांना बांबू सोडायला सांगत होते.

"कुणी?" देवपुजारींनी विचारलं.

"माझ्या आईनं. चाळणीवर होती ती."

"कमला." त्यांना नाव लगेच आठवलं. ते बाकावर बसले. चेहरा लाल झाला होता. "वीस वर्षं मी वर्गात शिकवलं हे. दोन पुस्तकांत आहे. लोकांनी माझ्यावर टीका केली, एका मण्यावरून बाई कशी ठरवता म्हणून, आणि मी भांडलो त्यांच्याशी! बोलवा तिला."

बंडूजी मोटारसायकलवर जाऊन आईला घेऊन आले. ती आली तेव्हा हाताला तुरीच्या शेंगांचा चिकटा तसाच होता.

"जय भीम, सायेब."

"जय भीम, कमलाबाई. बसा. नाही, बसा आधी." ती बसली नाही, म्हणून तेच काठी टेकत उभे राहिले. "मला त्या वेळी का सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी नऊ नंबर बंद केला असता."

"केला असता."

"मंग?"

देवपुजारींनी काठी जमिनीवर आपटली. "माझं नाव गेलं त्यात, बाई."

"तुमचं नाव त्याच्यानंच झालं न सायेब," आई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती फक्त आठवण करून देत होती. बंडूजींनी मात्र तोंड फिरवलं आणि ते रुमालात खोकले.

म्हाताऱ्यानं कुऱ्हाडीच्या पेटीकडे पाहिलं. "कुऱ्हाड तरी खरी?" शेवटी त्यांनी विचारलं, आणि तेवढं विचारताना त्यांचा आवाज बारीक झाला.

"कुऱ्हाड सुलोचनानं काढली. तुमी काठावर उभे होते. ते म्हणे, सायेब, इथं माती थंडी लागून राह्यली. तुमी म्हटलं, हळू. ते म्हणे, हळूच करून राह्यलो, तुमीच गडबड करून राह्यले."

"हो," देवपुजारी म्हणाले. "हो. असंच म्हणाली ती." ते पुन्हा बसले. "मण्याशिवाय मी अकरा दिवस थांबलो नसतो. कुऱ्हाड आजही तिथंच राहिली असती." हे ते कुणाला सांगत होते ते कळलं नाही. मग त्यांनी कागद मागितला आणि कापऱ्या अक्षरात चार ओळी लिहिल्या : मणी वर्तुळ तीनचा, जोड माझ्यासमक्ष तपासली, वर्तुळ नऊमधील व्यक्ती स्त्री की पुरुष हे सांगण्यास आता पुरावा नाही. खाली सही, तारीख. कागद नंदिनीकडे देत ते म्हणाले, "मी लिहून दिलं. उद्या पेटीपुढे उभं राहायचंय ते तुम्हाला. माझं पेन्शन आहे. तुमचं काय आहे ते तुम्ही बघा."

मणी त्यांनी स्वतःच्या हातानं तीन नंबरच्या पेटीत टवक्याशेजारी ठेवला. नऊ नंबरात मखमलीवर मण्याचा एक गोल खळगा राहिला.

साकेतला तिनं फोन केला आणि कागद वाचून दाखवला.

"मॅडम, मणी परत तिथं ठेवा. एका दिवसापुरता. बुधवारी समिती नेमू."

"वहीत नोंद झाली आहे, सर."

"वही कोण बघतंय?"

"बंडूजी."

"तुमचा करार कुठल्या टेबलावर आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"तुमच्या," नंदिनी म्हणाली.

मंगळवारी सगळं वेळेवर झालं. फीत कापली, दिवा लागला, शाळेच्या मुलींनी मांडवात राणीचं नाटुकलं केलं. ते थांबवा असं त्यांच्या बाईंना सांगायला नंदिनीची जीभ रेटली नव्हती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पाहुणे दालनात आले. नंदिनी नऊ नंबरच्या पेटीपुढे उभी होती. साकेत मंत्र्यांच्या मागे उभा राहून तिच्याकडे बघत होता, डोळे न मिटता.

"इथं एक मणी होता," ती म्हणाली. "तो आता त्या पेटीत आहे, कारण तो मुळात तिथला आहे. चाळणीवर काम करणाऱ्या बाईनं तो इकडे टाकला, हा खड्डा बंद होऊ नये म्हणून. ती बाई माझी आई आहे. थडगं बाईचं की पुरुषाचं, हे आम्हाला माहीत नाही."

मंत्र्यांनी मान डोलावली आणि हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मागच्या रांगेतल्या लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, मग काय ऐकलं ते कळून थांबवल्या. घोळका कुऱ्हाडीच्या पेटीकडे सरकला. कुणीतरी म्हणालं, "मंग ते बाहेरची बाई कोन?" कुणीतरी हसलं. शाळेच्या बाई नंदिनीजवळून जाताना म्हणाल्या, "महिनाभर तालीम घेतली हो आम्ही. कालच सांगायचं."

त्यांचं चुकत नव्हतं.

सत्काराच्या वेळी आईचं नाव पुकारलं गेलं नाही. कुणीतरी यादीतून ते काढलं होतं. शाल टेबलावर उरली, तेव्हा देवपुजारी उठले, ती घेऊन मांडवाच्या शेवटच्या रांगेत गेले आणि त्यांनी ती आईच्या मांडीवर ठेवली. आईनं ती उघडून पाहिली, विणीवर बोट फिरवलं, घडी केली. "गरम हाय," ती म्हणाली. त्याहून जास्त काही नाही.

दुपारी दोनपर्यंत गाड्या निघून गेल्या. साकेत जाताना नंदिनीशी बोलला नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी फोनवर संदेश आला : 'उद्या सकाळी दहाला वर्ध्याला या. फाइल घेऊन.' तिनं तो दोनदा वाचला. कोणती फाइल ते लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात गिरडहून दर्ग्याचं दर्शन करून परतणारं एक कुटुंब आत आलं. नवरा-बायको, सासू, दोन मुली. तिकीटबारीवर कुणी नव्हतं, ते सरळ नऊ नंबरपाशी येऊन उभे राहिले. मोठी मुलगी रिकाम्या मखमलीकडे वाकून बघू लागली.

"यात काहीच नाही," ती म्हणाली.

"नाही," नंदिनी म्हणाली. रोजचं वाक्य ओठांवर आलं आणि पुढे जाईना. दोन वर्षं ती इथून राणीत शिरत होती, आता तिकडे वाट नव्हती. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हात भिंतीवरच्या फोटोकडे गेला. "हा खड्डा यांनी खोदला. ही सुलोचना. पुढच्या पेटीतली कुऱ्हाड हिनं काढली. ही सीताबाई. ही चंद्रभागा. ही तिची सून, गोदा. आणि ही..."

मुलगी वाट पाहत होती.

"एक मिनिट हं," नंदिनी म्हणाली.

ती दालनातून बाहेर पडली, मांडवाच्या सैल झालेल्या दोऱ्या ओलांडून फाटकाकडे जवळजवळ धावत गेली. आई टेकडी उतरून निम्म्या रस्त्यावर पोचली होती, काखेत शाल.

"आई!" नंदिनीनं हाक मारली. "ए आई! ते पाचवी कोण?"

आई थांबली. वळली. डोळ्यांवर हात धरून तिनं वर पाहिलं, आणि तिथूनच, सारा रस्ता ऐकेल अशा आवाजात, ओरडून सांगितलं, "नाव येऊन राह्यलं ना, थांब जरा!"